खड्डा खणणाऱ्याची तालीम

वसंत व्याख्यानांचा काळ हा आपल्याकडे दोन कामांचा काळ आहे. संध्याकाळी ऊन उतरले की शहरातील मंडळी व्याख्यानाला येऊन बसतात. आणि याच दिवसांत सकाळी ऊन चढण्यापूर्वी गावाबाहेरच्या माळावर मजुरांच्या टोळ्या झाडांसाठी खड्डे खणीत असतात. आषाढात जे रोप लावायचे त्याचा खड्डा चैत्र-वैशाखात खणून ठेवावा लागतो. तो महिनाभर उन्हात उघडा पडला म्हणजे माती तापते, तिच्यातील किडींचा बराचसा नाश होतो आणि पहिल्या पावसाचे पाणी खोलवर मुरते. म्हणजे वृक्षारोपणाचा हंगाम आपण समजतो तसा पावसाळ्यात सुरू होत नाही. तो भर उन्हाळ्यात सुरू होतो. आणि त्या हंगामासाठी शरीर तयार करायचे तर ती तयारी फाल्गुनातच करायला हवी.

ही तयारी कशी करावी, असे आम्हांला पुष्कळदा विचारण्यात येते. विचारणारे बहुधा श्रमदानाला जाऊ इच्छिणारे शिक्षक, कारकून, दुकानदार किंवा कॉलेजातील मुले असतात. प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तरही आम्ही पुढे देणार आहोत. परंतु ज्यांच्या पाठीवर हा सगळा हंगाम उभा राहतो त्या मजूर बायाबापड्यांपैकी एकानेही हा प्रश्न आम्हांला आजवर विचारलेला नाही. त्यांनी तो का विचारला नाही, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा आम्हांला इतिहासात बरेच मागे जावे लागले. त्या शोधाची हकीकत हाच आजचा विषय आहे.

प्रथम कामाचे माप समजून घेऊ. कारण झाडांची संख्या सर्वांना ठाऊक असते, पण मातीचे वजन कोणी करीत नाही. ३ मीटर अंतराने रोपे लावली तर एका हेक्टरात १,१११ झाडे बसतात. प्रत्येक खड्डा ४५ सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल धरला, तर असे ११ खड्डे मिळून १ घनमीटर माती होते. हेक्टराची बेरीज सुमारे १०१ घनमीटर, म्हणजे ढोबळ मानाने दीडशे टन माती. आंब्याचा खड्डा १ मीटरचा असतो. त्या एकाच खड्ड्यातून दीड टनाच्या आसपास माती निघते. फावड्याच्या एका भरणीत ५ किलो माती धरली, तर एका आंब्यासाठी मनुष्य ३०० वेळा वाकतो आणि ३०० वेळा उठतो. त्याआधी मुरुमावर टिकावाचे घाव घालावे लागतात ते निराळेच. आता हा हिशेब कंधारच्या माळावर, ४० अंशांच्या वर गेलेल्या पाऱ्यात मांडून पाहावा.

कंधारला मातीकामाचा इतिहास शिकण्यासाठी ग्रंथालयापर्यंतही जावे लागत नाही. आपल्या गावाचा किल्ला आणि त्याचा खंदक सर्वांनी पाहिलेला आहे. गावाजवळचा जगत्तुंग सागर हा राष्ट्रकूट काळातील तलाव. येथे सापडलेल्या त्या काळच्या शिलालेखातही जगत्तुंगसमुद्र हे नाव आलेले आहे. हजार वर्षांपूर्वी ना यंत्र होते ना सुरुंगाची दारू. तलावाच्या बांधाची माती कोणीतरी खणली, कोणीतरी टोपल्यात भरली आणि कोणीतरी डोक्यावरून वाहून नेली. शिलालेखात राजाचे नाव राहिले, बिरुदे राहिली, दानधर्म राहिला. टोपली उचलणाऱ्याने सकाळी काय खाल्ले होते हे मात्र कोठेही कोरलेले नाही. आम्हांला इतिहासात नेमके हेच वाचायचे होते, आणि ते पुढे ९०० वर्षांनी सापडले. तेथे पोहोचण्यापूर्वी आपल्या तालमीत थोडे डोकावून गेले पाहिजे, कारण तयारी म्हणजे काय हे मराठी माणसाला तालमीनेच शिकवले आहे.

शरीर कमावण्याची विद्या आपल्याकडे कधी उणी नव्हती. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली उभे राहिले. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे १० खंड काढले. आपल्या मराठवाड्यात तर आखाडा ही केवळ अंगमेहनतीची जागा नव्हती. निजामी अमदानीत आखाडा चालवायचा तर सरकारची परवानगी लागत असे; आणि १९३८-३९ साली आर्य समाजाने हैदराबाद संस्थानात जो सत्याग्रह केला, त्याच्या मागे धर्मस्वातंत्र्याच्या गाऱ्हाण्यांबरोबर आखाड्यांवरील बंधनांचेही गाऱ्हाणे होते. दंड थोपटणारा तरुण राजवटीला धोक्याचा वाटत होता, हा त्याचा अर्थ. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही कुस्त्यांचा फड रंगतो, आणि आपल्या भागातील प्रत्येक जुन्या गावात तालमीची एखादी पडकी का होईना, पण खोली आढळते.

या तालमीतील एक गोष्ट आम्हांला विशेष लक्षात घेण्यासारखी वाटते. पहिलवान जोर काढतो, बैठका मारतो, जोडी फिरवतो, हे आपण जाणतोच. त्याशिवाय तो आणखी एक मेहनत करतो. कुस्तीच्या हौद्यातील माती तो फावड्याने खणतो, उलथापालथ करतो आणि पुन्हा सारखी करतो. त्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ केलेली असते. म्हणजे खणणे हा तालमीतला मान्य व्यायाम आहे! मग कोणीही म्हणेल, आणि पुष्कळ सुशिक्षित मंडळी आम्हांला म्हणालेलीही आहेत, की मजुराला निराळा व्यायाम कशाला हवा? तो तर दिवसभर खणतोच. त्याचे काम हाच त्याचा व्यायाम.

या म्हणण्यात जी चूक आहे ती समजली की आजचा अर्धा विषय समजला. हौदा खणणाऱ्या पहिलवानाच्या मागे वस्ताद उभा असतो. नवख्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी ५०० बैठका मारायला लावीत नाही. आज २५, आठवड्याने ५०, असे चढत नेतो. मेहनत झाली की मालिश आणि विश्रांती. आणि या सर्वांच्या आधी खुराक. दूध, तूप, बदाम, ज्याची जशी ऐपत तसे. परंतु खुराकावाचून मेहनत करू नये, केल्यास शरीर उलट झिजते, हे तालमीतले लहान पोरही सांगेल. चढती मेहनत, पुरता खुराक आणि हक्काची विश्रांती या तीन गोष्टी जेथे आहेत तेथे खणणे हा व्यायाम होतो. या तिन्ही जेथे नाहीत तेथे तेच खणणे म्हणजे झीज. फावडे तेच, माती तीच. एकाचे बाहू भरतात आणि दुसऱ्याच्या बरगड्या दिसू लागतात.

आता सरकार हाच वस्ताद झाला तर त्याने काय केले, ते पाहू. १८७६ ते ७८ या वर्षांत दक्षिणेत आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. केवळ ब्रिटिश मुलखातच सुमारे ५५ लाख माणसे मेली असा अंदाज आहे. आपला भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. पुढची हकीकत पलीकडच्या मुंबई इलाख्यातील आहे. पण दुष्काळी कामांचे जे वळण तेथे पडले ते पुढे महाराष्ट्राबरोबर आपल्याही वाट्याला आले, म्हणून ती आपलीही हकीकत आहे.

व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाची पाहणी करण्यास धाडले. हेच टेंपल १८७४ साली बिहारच्या दुष्काळात होते. तेथे त्यांनी धान्य आणवून सढळ हाताने वाटले आणि भूकबळी फारच थोडे होऊ दिले. त्याबद्दल त्यांची पाठ थोपटण्याऐवजी फाजील खर्च केल्याचा ठपका त्यांच्यावर आला. माणूस धडा शिकतो. टेंपल नेमका उलटा धडा शिकले. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी असे ठरवले की दुष्काळी कामावरील पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेसा आहे. बाईला आणि काम करणाऱ्या मुलाला त्याहून कमी.

एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारीच्या हिशेबाने त्यातून दीड हजारांच्या थोडे वर उष्मांक मिळतात. जड काम करणाऱ्या पुरुषाला साडेतीन हजारांच्या आसपास उष्मांक लागतात, असे आपल्या देशातील आहारशास्त्रज्ञांचे आजचे प्रमाण सांगते. आण्याचे मीठमिरची, डाळ, सरपण धरले तरी ही भाकरी अर्ध्या पोटाची होती. त्या काळी उष्मांकाचे कोष्टक कोणाजवळ नव्हते असे कोणी म्हणेल. परंतु डोळे होते. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच बजावले होते की काम करणाऱ्या माणसाला किमान दीड पौंड धान्य आणि त्याबरोबर डाळ-भाजी मिळालीच पाहिजे. मद्रासला पुढे शिधा काहीसा वाढवावा लागला.

आणि मुंबई इलाख्यात काय झाले? दख्खनच्या दुष्काळी कामांवरील मजुरांनी ती कमी मजुरी नाकारली. हजारो माणसे काम टाकून निघून गेली. त्यांना संघटना ठाऊक नव्हती, संप हा शब्द ठाऊक नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, त्यांची बाजू उचलली आणि सरकारकडे एकामागून एक निवेदने धाडली. आमच्या चळवळीच्या इतिहासात गिरण्यांचे संप नेहमी सांगितले जातात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली ती १८८४ साली. त्याच्या सात वर्षे आधी खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या उपाशी शेतकऱ्याने सरकारला सांगितले होते की इतक्या खुराकावर इतकी मेहनत होत नाही. तालमीतला नियमच तो सरकारला ऐकवीत होता.

सरकारने हा नियम पुढे कागदावर मानला. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळ संहिता तयार झाल्या. मदत वेळेवर सुरू व्हावी, लोक खंगल्यावर नव्हे तर खंगण्यापूर्वी कामे उघडावीत, हे तत्त्व त्यात आले. तत्त्व उत्तम होते. परंतु माप घेणारा साहेब आणि भाकरी थापणारी बाई यांच्यात जे अंतर होते ते संहितेने मिटले नाही.

येथे एक दूरचे उदाहरण घेतो, कारण झाडे लावण्याच्या कामाचे त्याहून मोठे उदाहरण त्या शतकात आम्हांला सापडले नाही. १९३३ साली अमेरिकेत मंदीने बेकारीचा कहर झाला होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांचे एक दल काढले आणि त्यांना जंगलात झाडे लावण्यास, बांधबंदिस्ती करण्यास धाडले. १९४२ पर्यंत या दलातून सुमारे ३० लाख तरुण गेले आणि त्यांनी सुमारे ३०० कोटी झाडे लावली. महिना ३० डॉलर मजुरी, त्यातील २५ डॉलर परस्पर घरी पाठवायचे, असा नियम होता. आमच्या विषयाला धरून महत्त्वाची गोष्ट अशी की भरती झालेल्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी कुदळ दिली जात नसे. शहरातली ती पोरे महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेली होती. त्यांना प्रथम लष्करी छावणीत ठेवीत, वैद्य तपासत, पोटभर जेवण देत, कवायत आणि हलके काम देत. अंग धरले की मग जंगलात धाडत. पहिल्या काही महिन्यांत पोरांची वजने वाढल्याची नोंद त्या दलाने अभिमानाने ठेवली. म्हणजे झाडे किती लागली याच्या जोडीला माणूस किती भरला याचाही हिशेब तेथे होता. एका सरकारने कामाआधी शिधा तोडला, दुसऱ्याने कामाआधी वजन वाढवले. पहिल्याच्या हिशेबात पैसे वाचले. दुसऱ्याच्या हिशेबात जंगल उभे राहिले.

यातून पुन्हा आपल्याकडे येऊ. १९७२ चा दुष्काळ आपल्या आईबापांनी सोसला. लाल मिलो ज्वारी, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग ही त्या वर्षाची आठवण मराठवाड्यात घरोघर आहे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. जगात मोठे नवल मानले गेले की इतका मोठा दुष्काळ पडूनही माणसे मोठ्या संख्येने मेली नाहीत. हे नवल काम आणि भाकरी एकत्र आणल्यामुळे झाले. सुकडी ही तेवढी मोठी गोष्ट होती; कोणी तिला नावे ठेवली, कोणी थट्टा केली, पण कामाच्या जागीच पोटात काहीतरी पडावे ही अक्कल तिच्यात होती.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे आधीच एक छोटा प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम द्यावे, हा त्याचा गाभा. त्यातून रोजगार हमी योजना वाढली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेचा पैसा कोठून आला हे शहरातील श्रोत्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. १९७५ साली व्यवसाय कर बसवला तो मुख्यतः यासाठी. म्हणजे शहरातील पगारदाराच्या पगारातून दरमहा जी लहानशी रक्कम कापली गेली, तिच्यातून माळावरचा खड्डा खणला गेला. शहर आणि माळ यांचे असे नाते कायद्याने बांधल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला माहीत नाही. पुढे १९९० पासून याच योजनेच्या जोडीने शेतकऱ्यांच्या रानात फळबागा लावण्याचे काम निघाले, आणि खड्डा हे हमीच्या कामाचे एक मोठे अंग झाले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या टप्प्यात आपला नांदेड जिल्हा होता.

या कायद्यांत पुष्कळ चांगले होते. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी, लेकरांसाठी पाळणाघर, हे सगळे लिहिलेले होते. परंतु मजुरी मोजली जाई ती खणलेल्या मातीच्या मापाने. दर ठरवताना सर्वसाधारण माणूस दिवसात किती खणेल हे गृहीत धरावे लागते. आमचा सगळा वाद या सर्वसाधारण माणसाशी आहे. हा माणूस आम्ही ३० वर्षांत एकाही कामावर पाहिला नाही. कामावर होती ती माणसे निराळी होती. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. आणि हमीच्या कामांवर निम्म्याच्या आसपास मजूर बायाच असत. पहाटे पाणी भरून, भाकरी करून, लेकरू काखोटीला मारून ती कामावर येते तेव्हा तिच्या दिवसातले पहिले काम आधीच झालेले असते. तिला आणि त्या कागदावरच्या माणसाला एकच फूटपट्टी लावली जाते.

एका कामावरची गोष्ट सांगतो. आपल्याच भागात एका माळावर खड्ड्यांचे काम चालू होते. कॉलेज सोडलेला एक पोरगा नव्याने आला. तालमीत जाणारा, छाती भरलेली. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांच्या दुप्पट खड्डे मारले आणि बाया कौतुकाने पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो टिकाव टाकून जागेवर बसला. डोळे फिरले, घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले. टोळीतल्या एका म्हातारीने त्याला ओढत बाभळीखाली नेले, तोंडावर, मानेवर, काखेत ओला पदर लावला आणि ओरडून गाडी बोलावली. पोरगा वाचला. म्हातारी वजनाने त्याच्या निम्मी असेल. ती पुन्हा येऊन आपला खड्डा पुरा करू लागली. आम्ही म्हटले, "मावशी, आता बसा जरा." ती म्हणाली, "बसून माप भरतं का, भाऊ?"

त्या पोराच्या अंगात बळ कमी नव्हते. उन्हाची सवय नव्हती. तालमीच्या सावलीत कमावलेले शरीर आणि वैशाखाच्या उन्हात टिकणारे शरीर ही दोन वेगळी असतात. वैद्यक सांगते की अंगाला उष्म्याची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जाते, नाडीवरचा ताण उतरतो. अमेरिकेतील कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने साधा नियम घालून दिला आहे. नवख्या माणसाने उन्हातल्या पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाने पहिला दिवस सुरू करावा आणि रोज पाचवा हिस्सा वाढवीत पाचव्या दिवशी पूर्ण कामावर यावे. २५ बैठकांपासून चढत जाणाऱ्या आपल्या वस्तादाने याहून वेगळे काय सांगितले होते?

आणि म्हातारीचे काय? तिला उन्हाची सवय होती, हाताला फावड्याची सवय होती. परंतु तिला खुराक नव्हता आणि विश्रांती नव्हती. पोरगा एका दिवसात पडला म्हणून सर्वांना दिसला. म्हातारी २० हंगामांत थोडी थोडी पडत होती, ते कोणाला दिसले नाही. मजुराने तयारीचा प्रश्न आम्हांला कधी का विचारला नाही, याचे उत्तर त्या बाभळीखाली आम्हांला मिळाले. तयारी करायला आधी रिकामे दिवस लागतात आणि त्या दिवसांत भाकरी लागते. आपल्या कंधार, लोहा, मुखेडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि फाल्गुन-चैत्रात परततात. ज्या महिन्यात अंग कमवायचे त्याच महिन्यात ती थकून घरी येतात, आणि आठ दिवसांत खड्ड्यांवर उभी राहतात.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दर वर्षी झाडे लावणाऱ्या तरुणांच्या टोळ्या डोंगरात जातात. रोपामागे पैसे मिळतात, म्हणून एकेक जण दिवसाला हजार-दोन हजार रोपे लावतो. तेथील सेल्कर्क कॉलेजच्या डॉ. डेलिया रॉबर्ट्स यांनी या मजुरांच्या शरीराचा अभ्यास केला आणि हंगामाआधी करावयाच्या व्यायामाची, तसेच हंगामातील आहाराची शिस्त आखून दिली. मनगट, खांदा आणि कंबर यांच्या दुखापती कमी व्हाव्यात हा तिचा हेतू. मजुराचे अंग खेळाडूच्या अंगाइतके जपण्याजोगे आहे असे एका महाविद्यालयाला वाटले, ही गोष्ट आम्हांला त्या व्यायामाहूनही मोलाची वाटते.

आता श्रमदानाला जाणाऱ्या मंडळींच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या राज्यात २०१६ साली एका दिवसात २ कोटी, पुढे ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचे संकल्प झाले. संकल्पाच्या दिवशी फोटोपुरते फावडे उचलणे सोपे असते. ज्यांना खरोखर खणायचे आहे त्यांनी दीड-दोन महिने आधी सुरुवात करावी. रोज पायी चालावे, मैलभरापासून वाढवीत तीन-चार मैलांपर्यंत. बैठका मारून मांड्या तयार कराव्यात, कारण खणताना कमरेने वाकणारा लवकर मोडतो आणि गुडघ्यात वाकणारा टिकतो. सूर्यनमस्कारांनी पाठ आणि खांदे मोकळे होतात. अखेरच्या दोन आठवड्यांत सकाळच्या उन्हात थोडा वेळ प्रत्यक्ष टिकाव-फावडे चालवावे. तळहाताची कातडी पुस्तकाने घट्ट होत नाही. कामावर तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घ्यावे. ताकात मीठ घालून पिण्याची आपली जुनी रीत उत्तम आहे. चक्कर, मळमळ, डोके ठणकणे ही चिन्हे दिसली तर लाज न बाळगता सावलीत बसावे.

एवढे करून ज्या दिवशी आपण पहिले दहा खड्डे पुरे कराल आणि अंथरुणावर पडाल, त्या रात्री एकच विचार मनात आणावा. आपल्याला ही तयारी करण्यास दोन महिने मिळाले, रोज रात्री पोटभर जेवण मिळाले, आणि उद्या सुटी आहे. माळावरच्या मावशीला यांपैकी काय मिळाले?

आमचे मागणे यातूनच निघते आणि ते फार मोठे नाही. खड्ड्यांचे काम सुरू होताच पहिले दोन आठवडे निम्म्या मापाला पूर्ण मजुरी धरावी. हा खर्च नव्हे, ही तालीम आहे. कामाची वेळ पहाटे धरून ऊन तापण्याआधी संपवावी. सावली, पाणी आणि पाळणाघर कागदावरून माळावर यावे. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाला हंगामाआधी धान्य आणि तपासणी मिळावी. आणि कामाच्या जागी सुकडीसारखे काहीतरी पोटात पडावे. १९७२ साली जे जमले ते आज न जमण्याचे काही कारण नाही. हे सरकारने करावे असे आम्ही म्हणतोच. पण हंगामाआधी गावोगावच्या तालमी, शाळा, डॉक्टर मंडळी आणि व्याख्यानाला येणारे आपण सर्व यांतील काही आपल्या हातांनीही करू शकतो. ज्या शहराने व्यवसाय कर भरून रोजगार हमी उभी केली, त्याला एका उन्हाळ्याचा खुराक जड नाही.

जगत्तुंग सागराच्या काठी आपण संध्याकाळी फिरायला जातो. तो बांध ज्यांनी घातला त्यांची नावे आता कोणी सांगू शकणार नाही. परंतु या वैशाखात माळावर जे खड्डे खणले जातील ते खणणाऱ्यांची नावे हजेरीपटावर आहेत, माणसे आपल्या ओळखीची आहेत. झाड जगले की नाही हे पाहायला आपण तीन वर्षांनी जातो. खणणारी मावशी कशी आहे, हे पाहायला या हंगामाच्या अखेरीस एकदा जाऊन यावे.